चूक कळवायचा नंबर

निंभोरकर बाई गेल्या त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर श्रद्धांजलीची पंधरा-वीस पोस्टरं येऊन पडली होती. बाईंचा फोटो त्यांतल्या एकावरही नव्हता, कारण तो कोणाकडे नव्हताच. मग वर एक समई, मध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्याचा स्वतःचा फोटो. अंगात कोट, हाताची घडी, नजर दूर कुठेतरी राज्याच्या शैक्षणिक भवितव्यावर. एकानं घाईत आदल्या आठवड्यातलं वाढदिवसाचं डिझाइनच वापरलं होतं, त्यातले दोन फुगे पुसायचे राहून गेले होते.

आमच्या पेशात नसलेल्यांना हे सांगावं लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींत गेल्या काही वर्षांत एक नवी जमात तयार झाली. तिला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात. या शिक्षकानं कुणाची तरी स्वाध्यायपत्रिका इंटरनेटवरून उतरवायची, तिच्या प्रत्येक पानावर आपलं नाव तिरकं उमटवायचं, वरच्या कोपऱ्यात फोटो लावायचा, 'संकल्पना व निर्मिती' असं लिहायचं आणि पीडीएफ करून पहाटे पाचला शंभर ग्रुपांवर सोडायची. मूळ कोणाचं, हे विचारणं असभ्यपणाचं. त्याच पत्रिकेवर दुसऱ्याचा फोटो दिसला की मात्र हाच माणूस 'साहित्यचोरांपासून सावध' असा संदेश टाकणार. मी हे कुठं वाचून सांगत नाही. मी त्याच जमातीतला आहे, माझाही तसा फोटो आहे, आणि त्या कोटाचं माप माझं नाही.

बाईंची आणि माझी शाळा एकच. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली, दोन शिक्षकांची, पाचवीपर्यंतची. बाई मूळच्या अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, तिथं त्यांची म्हातारी आई होती. आठवडाभर बडनेऱ्याला खोली करून राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की अकोल्याची गाडी धरायच्या. बारीक अंगकाठी, सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि हातात काच तडकलेला मोबाईल. नवा घ्या म्हटलं तर म्हणायच्या, काच तडकली आहे, आतली अक्षरं शाबूत आहेत.

त्या मोबाईलवर आणि शाळेच्या एका दमेकरी संगणकावर बाई पत्रिका बनवायच्या. गणित, परिसर अभ्यास, भाषा. मग एका फुकटच्या पांढऱ्या वेबपेजवर टाकून द्यायच्या. त्या पानाला ना रंग, ना फिरणारी फुलं, ना 'आपण अमुकावे पाहुणे'. आणि बाई पीडीएफ कधी करत नसत. ज्याला पाहिजे त्याला उघडून बदलता आली पाहिजे अशीच फाईल ठेवत. 'पीडीएफ म्हंजे शिजवलेला भात हाये,' असं त्या म्हणायच्या, 'त्याचे पुन्हा तांदूळ करता येत नाई.'

प्रत्येक फाईलला एक शेवटचं पान असे. बाईंचा जीव त्या पानात. त्यावर लिहिलेलं असे की हे कोणाचंही आहे; घ्या, बदला, वाटा; काय बदललं ते खाली लिहा; आणि चूक दिसली तर या नंबरवर फोन करा. खाली बाईंचा नंबर. त्याच्याखाली आजवर कोणी काय केलं त्याची यादी. तिसऱ्या प्रश्नातलं सफरचंद काढून सीताफळ केलं, कारण वर्गात सफरचंद खाल्लेली तीनच मुलं, हे एका खेड्यातल्या गुरुजींच्या नावावर. मापाची सूचना शांताबाईंची, आणि शांताबाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. स्वतःचं नाव बाई पहिल्या ओळीत, पण इतरांच्याच आकाराच्या अक्षरांत लिहीत. मी एकदा म्हटलं, बाई, नाव जरा वर घ्या, मोठं करा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी फळा पुसायला लागलो.

बाईंचा स्वभाव गोड होता असं मी लिहिणार नाही. ते पोस्टरवाल्यांनी लिहिलंच आहे, 'मायेची सावली' वगैरे. बाईंची जीभ तिखट होती आणि मूर्ख माणसाला ती बरोबर शोधून काढायची. एकदा एका तरुण शिक्षकानं आपली नवी पत्रिका कौतुकानं दाखवली. वर त्याचा हसरा फोटो. बाईंनी ती आधी नीट वाचली, दोन चुका दाखवल्या, आणि मग विचारलं, 'फोटो काहून लावला बापा? हरवले होते का तुमी?' तो पोरगा आजतागायत आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, बैठकीत शेवटच्या रांगेत बसतो.

पण मला आठवतं ते नांदगावचं प्रशिक्षण. बाहेरून एक प्रमुख मार्गदर्शक आले होते. पडद्यावर त्यांनी स्वतः बनवलेली अंतराची पत्रिका लावली. एक आजी जुन्या शहरातून निघते, नदीचा पूल ओलांडून भाजीबाजारात जाते, पावलं अमुक, तर अंतर किती. अकोल्याच्या मोर्णा नदीचं नाव बदलून त्यांनी आपल्या गावच्या नदीचं घातलं होतं, बाकी सगळं बाईंचं, शब्दन्‌शब्द. मी बाजूलाच बसलो होतो, आता काय होतं म्हणून पाहत होतो. सर सांगत होते की गणित अनुभवातून यावं म्हणून ते स्वतः त्या पुलावर चालले आणि स्वतः पावलं मोजली.

बाईंनी हात वर केला. अगदी आदबीनं विचारलं की सरांची पावलं किती भरली. सरांनी पडद्यावरचाच आकडा सांगितला.

'बरोबर तेवढीच?' बाई म्हणाल्या. 'मी तं माह्या मायच्या पावलांनी मोजली होती सर. तिचा गुडघा दुखे, एक पाय ओढत चाले ते. तुमची बी तेवढीच भरत असतील तं डॉक्टरले दाखवा, वेळ करू नका.'

सभागृहात आधी कोणाला कळलं नाही, मग हळूहळू कळलं. सरांनी पाण्याची बाटली उघडली आणि पुढची स्लाईड घेतली. चहाच्या वेळी मी बाईंना म्हटलं, छान वाजवलीत. तर त्या भलत्याच गोष्टीवर चिडलेल्या होत्या. त्या माणसानं नदी बदलली पण पुलाची लांबी तीच ठेवली, आता त्याच्या गावची पोरं चुकीचं अंतर शिकणार, आणि शेवटचं पान त्यानं काढून टाकलं म्हणजे ते कळवायचं कोणी आणि कोणाला. नाव काढल्याचा राग त्यात औषधालाही नव्हता.

आता माझं. एका शिक्षक मंचाची नवोपक्रम स्पर्धा होती आणि फाईल द्यायचा शेवटचा दिवस होता. माझ्याकडे नवोपक्रम नव्हता, जुनाही नव्हता. बाईंनी आदल्याच दिवशी पाचवीच्या परिसर अभ्यासाची 'घरातलं औषध' नावाची फाईल टाकली होती. त्यात जुलाब झाल्यावर द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची कृती होती, चित्रांसकट. मी ती घेतली, शेवटचं पान उडवलं, कोटातला फोटो लावला आणि पाठवून दिली. घ्या, बदला, वाटा असं बाईंनीच लिहिलं आहे ना, असं मनाशी म्हणालो. त्यापुढची वाक्यं मी वाचायची नाहीत असं ठरवलं. बक्षीस मिळालं. अमरावतीत कार्यक्रम झाला, शाल आली, श्रीफळ आलं, आणि आयोजकांनी ती फाईल पाच जिल्ह्यांतल्या ग्रुपांवर पाठवली.

बाई कार्यक्रमाला आल्या होत्या. पोहे खाल्ले, माझ्या शालीचं सूत दोन बोटांत धरून पाहिलं, चांगली आहे म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, 'शेवटचं पान कुठी गेलं सर?' मी सांगितलं की पानांची मर्यादा होती. मर्यादा नव्हती. बाईंनी मान हलवली आणि अकोल्याची गाडी धरायला निघून गेल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवसांनी त्या वर्गात मुलांना घेऊन तेच पाणी करायला बसल्या. शांताबाईंनी पेला आणला. बाईंनी आपल्याच फाईलमधलं वाचत पेल्यात साखर घातली, मीठ घातलं, चमच्यानं घोट घेतला, आणि तो तसाच तोंडात धरून खिडकीपाशी गेल्या. चूक त्यांचीच होती. पुस्तकात एक लिटर पाण्याचं माप असतं. लिटर कोणाच्या घरी आहे, पेला सगळ्यांकडे आहे, असं शांताबाईंनी सुचवलं होतं, म्हणून बाईंनी शाळेतल्या स्टीलच्या पेल्यांनी मोजून लिटरचे पाच पेले केले. आधी एका पेल्याचं माप काढायला गेल्या, पण अर्ध्या चमचा मिठाचे पाच भाग घरात कोण करणार, म्हणून ते सोडून पाच पेल्यांवर आल्या. आकडे पाच पेल्यांचे लिहिले आणि वरचं 'एका पेल्यासाठी' हे शीर्षक खोडायचं राहिलं. म्हणजे पाचपट मीठ, आणि ते जुलाबानं आधीच सुकलेल्या लेकराच्या पोटात.

बाईंनी तिथंच फाईल दुरुस्त केली. शेवटच्या पानावर लिहिलं: या कृतीत माझी चूक होती, जुनी प्रत फेकून द्या. ज्यांनी ते पान ठेवून त्यावर आपलं नाव-नंबर लिहून कळवलं होतं त्यांना ओळीनं फोन केले, ते दोन तासांत संपले. मग उरलेल्या, फोटोवाल्यांच्या प्रती. त्या प्रतींवर आडनाव असे, शाळा असे, पुरस्कार असत, नंबर कधीच नसे. बाई केंद्राकेंद्रांतून नंबर मिळवायच्या आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभ्या राहून फोन लावायच्या. आषाढ लागला होता. खेड्यांत हगवण सुरू झाली होती.

ती संभाषणं मी ऐकली आहेत. एक म्हणाला, मॅडम, ही माझी स्वनिर्मित फाईल आहे, यात चूक असूच शकत नाही. दुसऱ्यानं लेखी पत्र मागितलं. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की आता दुरुस्ती टाकली तर लोक म्हणतील आधी चुकीची होती. बाईंनी त्याला विचारलं की मग ती काय होती, तर त्यानं फोन ठेवला. चूक मान्य करायची तर ती आली कुठून हे सांगावं लागणार, आणि तेवढं सोडून बोला असं सगळ्यांचं म्हणणं. लेकरू आजारी पडेल, हे वाक्य बाईंनी त्या आठवड्यात किती वेळा उच्चारलं असेल. ऐकणारा दर वेळी आपल्या नावाचा विचार करत होता.

सगळ्यांत लांब गेलेली प्रत माझी. बाईंनी मला एकदाच सांगितलं: ग्रुपवर लिहा की ती फाईल तुमची नव्हती, ती चुकीची आहे, आणि खरी इथं आहे. मी हो म्हणालो. घरी जाऊन दोन दिवस विचार केला आणि 'सुधारित व आकर्षक आवृत्ती' अशी नवी पीडीएफ टाकली. नवा फोटो, नवी किनार. काय सुधारलं ते लिहिलं नाही. लोकांनी अंगठ्यांची चित्रं टाकली आणि दोन्ही आवृत्त्या जपून ठेवल्या. बाईंनी ती पाहिली असणारच. त्या माझ्याशी बोलायच्या, पण फक्त हजेरीपटाबद्दल.

आठ-दहा दिवसांनी ग्रुपवर एक फोटो आला. धारणीच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेची बोलकी भिंत. बोलकी भिंत म्हणजे शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं अभ्यास रंगवायचा, म्हणजे तो येता-जाता मुलांच्या डोळ्यांसमोर राहतो. त्या भिंतीवर पेल्याचं चित्र होतं, 'एका पेल्यासाठी' होतं, आणि खाली सुबक अक्षरात माझं नाव. बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

'भिंतीची काई सुधारित आवृत्ती निघत नाई,' त्या म्हणाल्या. 'मी उद्या चालली.'

मीही गेलो. धैर्य म्हणून नव्हे. त्या एकट्या गेल्या असत्या तर पुन्हा आमच्या शाळेत पाय ठेवायची माझी हिंमत झाली नसती. अमरावतीहून सकाळची बस, परतवाडा, मग घाट. बाईंच्या पिशवीत ऑइलपेंटचा छोटा डबा, एक ब्रश आणि स्टीलचा पेला होता. पाच तासांत त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या असतील. धारणीहून पुढं जीप मिळाली. तिच्यात दोन तास बसलो, त्यातला एक ती भरायची वाट पाहण्यात गेला.

ग्रुपवरचा फोटो जुना होता, भिंत दुरुस्त झालेली होती. 'एका पेल्यासाठी' पत्र्यानं खरवडून काढलं होतं आणि तिथं गेरूनं 'पाच पेल्यांसाठी' लिहिलं होतं, त्याच्याखाली कोरकू भाषेतही. कास्देकर मॅडम नावाच्या तरुण शिक्षिका बाहेर आल्या. त्याच गावच्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, सर, तुम्हीच ना ते, फाईलवर फोटो आहे. मी आठ दिवस तुमचा नंबर शोधत होते.

मग त्यांनी सांगितलं. भिंत रंगवल्यावर आठवड्यानं वसतिगृहातल्या तिसरीच्या एका मुलीला जुलाब लागले. भिंतीवर पाहून पाणी केलं, दोन पेले दिले. मुलीला उलट्या सुरू झाल्या, तहान थांबेना, डोळे फिरवायला लागली. जीप करून धारणीच्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर मॅडमनी ते पाणी स्वतः चाखलं आणि पत्रा घेऊन भिंतीला भिडल्या. बाकीच्या शाळांतही हीच फाईल असणार, म्हणून बनवणाऱ्याला कळवावं असं त्यांना वाटलं. चारही पानं उलटीपालटी करून पाहिली. माझे दोन पुरस्कार सापडले, नंबर सापडला नाही.

 मी पुन्हा पानांच्या मर्यादेचंच काहीतरी बोललो.

बाईंनी मुलीला बोलवायला सांगितलं. ती बरी होती, केसांना लाल रिबीन, हातात खडू. बाई जमिनीवर तिच्यासमोर बसल्या. 'तुले पानी पाजलं ना माय, ते मीच चुकीचं लिवलं होतं,' असं म्हणाल्या. पोरीला कितपत समजलं कोण जाणे. कास्देकर मॅडमनी कोरकूत सांगितलं, तेव्हा ती हसली आणि पळाली. बाई मात्र बराच वेळ उठल्या नाहीत. माझ्या तेरा वर्षांच्या ओळखीत त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले, आणि मला स्वतःची किळस आली. तो शब्द जड वाटत असेल तर वाटो.

मग बाई कामाला लागल्या. पेला काढला, इथल्या घरांत कुठलं भांडं असतं ते विचारलं, मॅडमच्या घरच्या भांड्यानं मोजून पाहिलं, कोरकू ओळी वहीत उतरवून घेतल्या. मॅडमचं पूर्ण नाव विचारलं आणि यादीत लिहिलं. निघताना रंगाचा डबा तिथंच ठेवला.

ग्रुपवर खरं लिहायचं आता टळणार नव्हतं. त्या गावात रेंज नव्हती, त्याचा मला आधार वाटत होता. धारणीत रेंज आली तेव्हा मी म्हणालो, बस चुकेल. घाटात ती पुन्हा गेली. परतवाड्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती आणि बाईंना तिथूनच अकोल्याची बस होती. ती फलाटावर लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. बाई खिडकीपाशी जाऊन बसल्या. मी खाली उभा राहून मोबाईल काढला आणि लिहायला लागलो. लिहिलं की फाईल चुकीची आहे, दोन्ही आवृत्त्या काढून टाका, ही गंभीर चूक माझ्या हातून झाली, मी सर्वांची क्षमा मागतो. वाचून मला माझाच थोडा अभिमान वाटला. ते मी खिडकीतून बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

'चूक माह्या हातून झाली, असं काहून लिवलं? ते बी माहंच घेता का?' त्या म्हणाल्या. 'चूक माही हाये. ते माह्याच नावावर ठेवा. तुमी शेवटचं पान फाडलं, तेवढं लिवा.'

मी तिथंच खोडलं. लिहिलं की ही फाईल निंभोरकर बाईंची, चूक त्यांची होती आणि त्यांनी ती कळल्याक्षणी दुरुस्त केली. मी त्यांचं शेवटचं पान काढून टाकलं, म्हणून ते कोणाला कळलं नाही. धारणीकडची एक मुलगी त्यामुळे मरता मरता वाचली. खाली खऱ्या फाईलचा दुवा आणि बाईंचा नंबर. बाईंनी नंबरातला एकेक आकडा बोटानं तपासला आणि मोबाईल परत दिला. मी पाचही जिल्ह्यांच्या ग्रुपांवर ते सोडलं.

ड्रायव्हर चढला. कंडक्टरनं घंटी दिली. बस मागं येऊन वळत होती तेव्हा बाईंचा फोन वाजला. पिशवीत चाचपडून त्यांनी तो कानाला लावला, दुसऱ्या हातानं वही काढली, टोपण दातांनी उघडलं. बसचा आवाज वाढला म्हणून त्या जरा ओरडूनच विचारत होत्या, कोणती शाळा, आणि पेला केवढा आहे तुमच्याकडचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिथूनच त्या रजेवर गेल्या, रजेतून निवृत्तीत, आणि त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही.